स्क्रीन गप्प बसली तर निभावतं, खोटं बोलली तर नाही

अलास्काच्या उत्तर टोकाला बॅरो (आता अधिकृतपणे उत्कियाग्विक) नावाचं गाव आहे. तिथे उतरायच्या तयारीत असलेल्या एका बोईंग ७३७ च्या वैमानिकांनी संगणकात धावपट्टी २५ निवडली आणि कॉकपिटमधल्या सहाच्या सहा स्क्रीन काळ्या पडल्या. वेग, उंची, दिशा, नकाशा, सगळं गायब. दुसरी धावपट्टी निवडली की स्क्रीन परत सुरू! असं तिथे तीनदा घडलं. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, शोध घेतला तेव्हा दोष स्क्रीनमध्ये नव्हता आणि वायरिंगमध्येही नव्हता. स्क्रीनला चित्र पुरवणाऱ्या संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. धावपट्टीची खरी दिशा बरोबर २७० अंश असेल आणि तिचे अक्षांश-रेखांश काही विशिष्ट आकड्यांत बसत असतील, तरच तो उघड व्हायचा. अख्ख्या जगात अशा सात धावपट्ट्या सापडल्या. २०१९ च्या अखेरीस एफएएने आदेश काढला की ते सॉफ्टवेअर असलेल्या विमानांनी या सात ठिकाणी जाऊ नये.

आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरच्या धावपट्टीचं एक टोकसुद्धा २५ क्रमांकाचंच आहे. पण धावपट्टीचा क्रमांक होकायंत्राच्या उत्तरेवरून देतात, २५ म्हणजे साधारण २५० अंश. बॅरोला होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत बराच फरक पडतो, म्हणून तिथली २५ प्रत्यक्षात २७० अंशांवर जाते. कोल्हापुरात हा फरक नगण्य आहे, त्यामुळे आपली २५ अडीचशेच्या आसपासच राहते. शिवाय इथे येणारी विमानं बहुतेक एटीआर आणि एम्ब्राएर, बोईंग ७३७ नव्हेत. तेव्हा घाबरायचं काही कारण नाही.

हे सगळं उद्यमनगरात मशीनशॉप चालवणाऱ्या एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "भावा, विमान विकायच्या आधी कुणी चालवून बघितलं न्हाई व्हय?" बघितलं होतं की. हजारो विमानं वर्षानुवर्षं उडत होती. पण पृथ्वीवरच्या जागा एकेका सेकंदाच्या अंतराने मोजायच्या म्हटल्या (हा सेकंद कोनाचा, साधारण तीस मीटरचा), तर अक्षांश-रेखांशांच्या जोड्या होतात सुमारे ८४० अब्ज. दर सेकंदाला एक जोडी तपासली तरी साडेसव्वीस हजार वर्षं लागतील. त्यात दिशा, वेग, वारा, उंची अजून धरलेलीच नाही. "चालवून बघू" हा मार्ग सॉफ्टवेअरच्या बाबतीत इथेच बंद होतो. मग कॉकपिटमधल्या उपकरणांचं सॉफ्टवेअर सुरक्षित आहे हे ठरवायचं कशावरून? त्यासाठी जी पद्धत बसवली गेली, ती जगावेगळी आहे.

काळी स्क्रीन आणि खोटी स्क्रीन

जुलै महिन्यात कोल्हापूरला येणाऱ्या विमानात बसा. खिडकीतून ढगाशिवाय काही दिसत नाही, आणि वैमानिकालाही तेच दिसतं. पन्हाळा कुठे, पंचगंगा कुठे, काही कळत नाही. एटीआर ७२-६०० च्या कॉकपिटमध्ये पाच मोठ्या स्क्रीन असतात आणि ढगात असेपर्यंत वैमानिकाचं जग तेवढंच. विमान सरळ आहे की कललंय, किती उंचावर आहे, नाक कुठल्या दिशेला आहे, ठरलेल्या मार्गापासून डावीकडे सरकलंय की उजवीकडे, हे सगळं त्याला तिथेच कळतं. ढगात माणसाच्या कानातला तोल फसतो. विमान हळूहळू वळत असलं तरी शरीर सांगतं, सरळ चाललंय. म्हणून प्रशिक्षणातच घोटून घेतलेलं असतं की अंगावर विश्वास ठेवू नकोस, उपकरणावर ठेव.

आता ज्याच्यावर असा विश्वास ठेवायचा तेच खोटं बोललं तर?

या सगळ्या विषयाचं मूळ इथे आहे. सामान्य माणसाला वाटतं, स्क्रीन बंद पडणं हा सर्वांत मोठा धोका. तो छोटा नाहीच. पण स्क्रीन बंद पडली हे वैमानिकाला लगेच कळतं. शेजारी राखीव उपकरण असतं, स्वतंत्र वीज आणि स्वतंत्र सेन्सरवर चालणारं. तो त्याच्याकडे वळतो, कंट्रोलरला सांगतो, सराव केलेली पावलं उचलतो. याउलट स्क्रीन छान उजळलेली आहे, आकडे ठळक दिसताहेत, कुठेही लाल खूण नाही आणि दाखवलेली दिशा मात्र पंधरा अंशांनी चुकीची, तर वैमानिक काहीच करणार नाही. कारण करण्यासारखं काही आहे हेच त्याला माहीत नाही.

म्हणून सुरक्षेचा विचार करताना प्रत्येक माहितीसाठी दोन प्रश्न वेगवेगळे विचारतात. ही माहिती नाहीशी झाली तर काय होईल? आणि ही माहिती चुकीची असून बरोबर असल्यासारखी दिसली तर काय होईल? बहुतेक वेळा दुसऱ्याचं उत्तर जास्त वाईट निघतं. विमान किती कललंय हे दोन्ही वैमानिकांच्या मुख्य स्क्रीनवर एकाच वेळी चुकीचं दिसलं, तर तो प्रकार थेट 'विनाशकारी' या सर्वांत वरच्या वर्गात जातो. मार्गदर्शनाची माहिती दोघांनाही चुकीची दिसली तर परिणाम 'मोठा' ते 'अतिधोकादायक' यांच्यात धरतात. विमान कुठे आहे यावर ते अवलंबून. समुद्रावर दहा हजार मीटरवरून जाताना एक किलोमीटरची चूक पचून जाते. डोंगरांच्या दरीतून उतरताना तीच चूक जीव घेते.

अब्ज तासांचा हिशोब

परिणाम जितका वाईट, तितकी तो घडण्याची शक्यता कमी असली पाहिजे, हे तत्त्व. मोठ्या प्रवासी विमानांसाठी विनाशकारी बिघाडाची मर्यादा साधारण अशी धरतात: एक अब्ज उड्डाण-तासांत एकदा, त्याहून जास्त नाही. अब्ज तास म्हणजे सुमारे १ लाख १४ हजार वर्षं. अतिधोकादायक प्रकारासाठी एक कोटी तास, आणि 'मोठा' या प्रकारासाठी एक लाख तास.

पंप, बेअरिंग, वायर, चिप यांच्या बाबतीत हा हिशोब मांडता येतो. त्या झिजतात, तापतात, थकतात, आणि किती तासांनी थकतात याच्या नोंदी असतात. एक पंप लाख तासांत एकदा बंद पडत असेल तर एकमेकांशी संबंध नसलेले दोन पंप लावा, दोन्ही एकाच तासात बंद पडण्याची शक्यता हजार कोटीत एक होते. सॉफ्टवेअर मात्र झिजत नाही. पहिल्या दिवशी त्यात जी चूक होती तीच दहा वर्षांनी असते. ती ठरावीक परिस्थितीची वाट बघत बसते आणि ती परिस्थिती आली की दरवेळी, हमखास, उघडी पडते. याला शक्यतेचा आकडा कसा लावणार? बॅरोला धावपट्टी २५ निवडल्यावर स्क्रीन जाण्याची शक्यता शंभर टक्के होती, आणि जगातल्या इतर जवळजवळ सगळ्या धावपट्ट्यांवर शून्य.

दुसरी गोची याहून मोठी. एकाला दोन लावले की सुरक्षितता वाढते, हा इंजिनिअरिंगमधला जुना भरवसा सॉफ्टवेअरपुढे टिकत नाही. दोन्ही संगणकांत एकच प्रोग्रॅम असेल तर दोघं एकाच क्षणी एकच चूक करतात. बॅरोला स्क्रीन सहा होत्या, उपयोग शून्य.

आपल्याकडे शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्याला यातून निघालेला मार्ग चटकन समजेल. कास्टिंग बाहेरून गुळगुळीत दिसतं, आतला ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, दिसत नाही. प्रत्येक जॉब फोडून बघता येत नाही. म्हणून मोठा ग्राहक माल बघण्याआधी तुमची पद्धत बघतो. भंगार कुठलं घेतलं, वितळलेल्या धातूचं पृथक्करण कधी केलं, तापमान कुणी नोंदवलं, कुठल्या हीट नंबरचा, म्हणजे कुठल्या वितळणीचा, धातू कुठल्या साच्यात गेला, आणि तपासणाऱ्याची सही ओतणाऱ्यापेक्षा वेगळी आहे ना. विमानाच्या सॉफ्टवेअरलाही हेच लावलं गेलं. तयार वस्तूवरून खात्री देता येत नाही, तर ती कशी घडवली याचा पुरावा द्या.

त्या पुराव्याच्या मापदंडाचं नाव डीओ-१७८. अमेरिकेतल्या आरटीसीए या संस्थेने तो पहिल्यांदा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काढला. १९९२ साली 'बी' आवृत्ती आली आणि तिच्यावर एक पिढी पोसली गेली. सध्या चालू आहे ती 'सी', डिसेंबर २०११ ची. युरोपात हाच मजकूर ईडी-१२सी म्हणून ओळखतात. यात सॉफ्टवेअरच्या पाच पातळ्या आहेत. ए म्हणजे बिघडलं तर विमानच जाऊ शकतं, मग बी, सी, डी, आणि ई म्हणजे बिघडलं तरी सुरक्षेला काही फरक नाही. ए पातळीला ७१ उद्दिष्टं पूर्ण करावी लागतात, बी ला ६९, सी ला ६२, डी ला २६ आणि ई ला एकही नाही. आकड्यांवरून ए आणि बी जवळजवळ सारखेच वाटतात, पण फसू नका. ए मध्ये बरीच जास्त उद्दिष्टं 'स्वतंत्रपणे' तपासायची असतात. ज्याने लिहिलं त्याने तपासायचं नाही. माझ्या मते पूर्ण दस्तऐवजातली सर्वांत मोलाची अट हीच आहे, आणि सर्वांत महागडीही.

पातळी ठरवतो कोण? सॉफ्टवेअर लिहिणारे नव्हेत. आधी विमानाच्या पातळीवर धोक्यांचा अभ्यास होतो, त्यातून प्रत्येक यंत्रणेच्या वाट्याला धोका येतो आणि तिथून सॉफ्टवेअरची पातळी खाली येते. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे एका मोठ्या दुर्घटनेत तोच कळीचा ठरला.

एका ओळीचा प्रवास

७१ उद्दिष्टांची यादी इथे देत नाही, वाचणारा पळून जाईल. त्याऐवजी एकच अट हातात घेऊ आणि ती कुठून कुठे जाते ते बघू.

समजा, धोक्यांच्या अभ्यासातून असं निघालं: 'डाव्या आणि उजव्या वैमानिकाला दिसणाऱ्या दिशांत मोठा फरक पडला तर दोघांनाही इशारा मिळाला पाहिजे.' वाक्य ऐकायला ठीक, पण 'मोठा' म्हणजे किती? याचं सॉफ्टवेअर होणार नाही. मग ते घट्ट करतात. समजा असं: 'दोन्ही बाजूंची माहिती वैध असेल, त्यांतला फरक ६ अंशांपेक्षा जास्त असेल आणि तो सलग १ सेकंद टिकला असेल, तर दोन्ही स्क्रीनवर पिवळा इशारा दाखवा.' आता याची परीक्षा घेता येते. या वाक्याला एक क्रमांक मिळतो. त्याच्या खाली बारीक तपशिलाच्या अटी, त्यांना क्रमांक. त्यांच्या खाली कोडच्या ओळी, त्यांनाही दुवा. आणि प्रत्येक अटीसमोर तिची चाचणी. वरून खाली आलं पाहिजे आणि खालून वर जाता आलं पाहिजे. कोडमधली कुठलीही ओळ दाखवून 'ही कुणी मागितली?' असं विचारलं तर उत्तर मिळालंच पाहिजे. नाही मिळालं तर ती ओळ काढायची. एखाद्या हुशार पोराने स्वतःच्या मनाने घातलेली छान सोयसुद्धा इथे दोष धरतात.

यात डोकं चालवायची एक जागा आहे. ३५९ अंश आणि १ अंश यांत फरक किती? माणूस म्हणेल २. बेसावधपणे वजाबाकी करणारा प्रोग्रॅम म्हणेल ३५८, आणि विमान उत्तरेकडे चाललं की उगाच इशारा वाजत राहील. हे वाचून प्रोग्रॅमर हसतील, पण गोलाकार मोजमापांच्या टोकांवर चुका दबा धरून बसतात. बारा अमेरिकी एफ-२२ लढाऊ विमानांपैकी सहांचा पहिला गट फेब्रुवारी २००७ मध्ये हवाईहून जपानला निघाला होता. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना या विमानांच्या दिशादर्शन यंत्रणा बंद पडल्या. तेल पुरवणाऱ्या टँकर विमानांच्या मागे मागे ती कशीबशी परतली. तिथे रेखांश १८० वरून उणे १८० होतो.

आता चाचणी. आपल्या इशाऱ्याला तीन अटी आहेत: माहिती वैध, फरक ६ पेक्षा जास्त, १ सेकंद टिकला. खरं-खोटंच्या जोड्या केल्या तर आठ होतात. ए पातळीची मागणी अशी की प्रत्येक अट एकटीच निकाल बदलू शकते हे दाखवा. तिन्ही खऱ्या असताना इशारा आला. मग एकेक अट खोटी करून, बाकी दोन तशाच ठेवून, इशारा गेला. चार चाचण्यांत काम झालं. अटी वीस असतील तर सगळ्या जोड्या दहा लाखांवर जातात, या पद्धतीने मात्र किमान एकवीस चाचण्या पुरतात. बी पातळीला निर्णयाची दोन्ही उत्तरं निघाली तरी भागतं, सी ला प्रत्येक ओळ एकदा चालली की झालं.

पण याच उदाहरणात एक भोक आहे. 'दोन्ही बाजूंची माहिती वैध असेल तर' असं आपण म्हटलं. एका बाजूची माहिती अवैध झाली तर? आपला इशारा गप्प बसेल, आणि नियमाप्रमाणे त्याने गप्प बसणं बरोबरच. म्हणजे त्या वेळी त्या बाजूची दिशा स्क्रीनवरून हटवून लाल खूण दाखवणारी वेगळी अट कुठेतरी असलीच पाहिजे. ती कुणी लिहिली का? चार चाचण्या उत्तीर्ण झाल्या तरी या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नाही. ते चहा पीत कागदावर डोळे फाडून बघणाऱ्या माणसाकडूनच मिळतं.

चार वर्षं झाकलेली चूक

१ ऑगस्ट २००५. मलेशिया एअरलाइन्सचं बोईंग ७७७ पर्थहून क्वालालंपूरला निघालं होतं. ३८ हजार फुटांच्या आसपास स्क्रीनवर एकाच वेळी दोन गोष्टी दिसू लागल्या: वेग फार जास्त झालाय, आणि वेग फार कमी झालाय. दोन्ही खऱ्या असणं अशक्य. विमानाने आपसूक नाक वर केलं, सुमारे ४१ हजार फुटांपर्यंत चढलं, वेग कोसळला. वैमानिकांनी ऑटोपायलट काढून हाताने सावरलं आणि पर्थला सुखरूप उतरवलं. कुणाला इजा झाली नाही.

ऑस्ट्रेलियाच्या तपास यंत्रणेने जे शोधलं ते वाचताना अंगावर काटा येतो. विमानाची हालचाल मोजणाऱ्या पेटीत सहा अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजे वेगातला बदल मोजणारे सेन्सर, होते. पाचव्या क्रमांकाचा २००१ मध्येच बिघडला होता. पेटी इतकी हुशार की तिने तो बाजूला काढला आणि उरलेल्यांवर काम चालू ठेवलं. रचनाच तशी होती, बदलायची घाई नव्हती. चार वर्षांनी, त्या दिवशी, सहावा बिघडला. सॉफ्टवेअरने सहाव्याला वगळलं आणि एका दडलेल्या चुकीमुळे पाचव्याचे आकडे परत हिशोबात घेतले. बिघडलेला आहे हे ज्याच्याबद्दल आधीच ठाऊक होतं, त्याचेच आकडे! पेटीने ते वैध म्हणून पुढे धाडले आणि ते वापरणाऱ्यांनी भरवशाने घेतले.

प्रमाणपत्राच्या वेळी ही चूक सापडली नव्हती. एक सेन्सर बिघडणं तपासलं जातं, दोन बिघडणंही तपासलं जातं. पण पहिला बिघडल्यावर मध्ये वर्षं जाऊन मग दुसरा बिघडला तर आतली यादी काय म्हणेल, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात यायचा? बिघाड पोटात घालून चालत राहणारी यंत्रणा ही वरदान खरी, पण तिच्या पोटात काय साठलंय हे कुणीतरी अधूनमधून विचारायला हवं.

शिळी माहिती, भलती माहिती

चुकीचं दाखवण्याचा एक साळसूद प्रकार म्हणजे शिळं दाखवणं. आकडा बरोबर आहे, फक्त आत्ताचा नाही. म्हणून प्रत्येक माहितीला वय असतं आणि ठरलेल्या वयापेक्षा जुनी माहिती स्क्रीनवरून हटवायची असते. बोईंग ७८७ मध्ये हेच वय तपासणारं काम, वीज सलग ५१ दिवस चालू राहिली तर, बंद पडू शकतं असं आढळलं. एफएएचा २०२० चा आदेश काय, तर त्याआधी विमानाची वीज पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. आपण घरी वायफायचा डबा बंद-चालू करतो तसंच, फक्त इथे कागदावर सही करून आणि मुदत पाळून. लोक अशा बातम्यांची चेष्टा करतात, पण मला हा उपाय प्रामाणिक वाटतो. दुरुस्त सॉफ्टवेअर येईपर्यंत धोका झाकून टाकणारी, कुठल्याही मेकॅनिकला करता येणारी साधी कृती आहे ती. घाईघाईत चार ओळी बदलून नवीन घोळ घालण्यापेक्षा शतपटीने बरी. एक ओळ बदलली की तिचा परिणाम कुठे कुठे होतो हे शोधून तेवढं सगळं परत तपासावं लागतं, म्हणून विमानाचं सॉफ्टवेअर मोबाईलसारखं दर आठवड्याला बदलत नाही.

भलती माहिती ही वेगळी जात. प्रोग्रॅम निर्दोष, पण त्याला दिलेला नकाशाच फसवा. २० डिसेंबर १९९५ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचं बोईंग ७५७ कोलंबियातल्या काली शहराकडे उतरत होतं. वैमानिकांनी रोझो नावाच्या रेडिओ खुणेकडे थेट जाऊ का असं विचारलं आणि कंट्रोलरने होकार दिला. कागदी नकाशावर रोझोची ओळख 'आर' या एका अक्षराने होती. वैमानिकांनी संगणकात 'आर' टाकलं. यादीत पहिलं आलं ते बोगोटाजवळचं रोमिओ, कारण संगणकाच्या साठ्यात रोझो पूर्ण नावाने नोंदवलेलं होतं. विमान डावीकडे वळलं, डोंगरांच्या दिशेने. १५९ माणसं गेली, चार वाचली. पुढे अमेरिकेतल्या ज्यूरीने जबाबदारी वाटून दिली, तेव्हा विमान कंपनीबरोबर नकाशाचा साठा तयार करणाऱ्या आणि संगणक बनवणाऱ्या कंपन्यांच्या वाट्यालाही हिस्सा आला.

नकाशाच्या साठ्यासाठी आज वेगळा मापदंड आहे, डीओ-२००. जगभर हा साठा दर २८ दिवसांनी एकाच दिवशी बदलतो. उजळाईवाडीची धावपट्टी वाढवली गेली तेव्हा तिचं नवं टोक वैमानिकाच्या संगणकात पोचलं ते अशाच एका फेरीतून. सर्वेक्षकाच्या मोजणीपासून स्क्रीनवरच्या रेषेपर्यंत तो आकडा अनेक हातांतून जातो, आणि मध्ये एकही अंक बदललेला नाही हे गणिती तपासणीने सिद्ध करावं लागतं.

आपली जागा बरोबर आहे का, हे स्वतःलाच विचारणारं सॉफ्टवेअरही आता असतं. उपग्रहांवरून जागा काढायला किमान चार उपग्रह लागतात. पाचवा मिळाला तर एखादा चुकतोय हे कळतं, सहावा मिळाला तर कोण चुकतोय हे कळून त्याला वगळता येतं. नॉटिकल मैलाच्या तीन-दशांश, म्हणजे सुमारे ५५५ मीटर, अचूकतेचा मार्ग असेल तर विमानाने ९५ टक्के वेळ त्या पट्ट्यात राहायचं असतं. तेवढी खात्री देता येत नसेल तर यंत्रणेने आपणहून 'माझा भरवसा धरू नका' असं सांगायचं असतं. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने मिळून उभी केलेली 'गगन' ही उपग्रह यंत्रणा हेच काम आणखी नेमकेपणाने करते. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानात किशनगढला इंडिगोचं एटीआर विमान 'गगन'च्या आधाराने उतरवून दाखवलं गेलं. जिथे महागडी उतरण्याची रेडिओ यंत्रणा बसवणं परवडत नाही अशा लहान विमानतळांना याचा फायदा मोठा.

नियम जिथे थांबतो

डीओ-१७८ एका गोष्टीची खात्री देतो: जे लिहून दिलं होतं ते आणि तेवढंच सॉफ्टवेअर करतं. लिहून दिलेलंच चुकीचं असेल तर तो काही करू शकत नाही. ७३७ मॅक्सचं तेच झालं. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरच्या विमानात १८९ आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सच्या विमानात १५७ माणसं गेली. नाक खाली दाबणारं सॉफ्टवेअर कोडच्या चुकीने बिघडलं नव्हतं, सांगितलं तसंच वागत होतं. चूक वर होती. धोक्यांच्या अभ्यासात गृहीत धरलं होतं की वैमानिक काही सेकंदांत ओळखून सावरेल, म्हणून धोक्याचा वर्ग कमी ठरला आणि एकाच सेन्सरवर सगळं सोपवलं गेलं. त्याच विमानात दोन सेन्सरांत तफावत असल्याचा इशारा सर्व विमानांत मिळणं अपेक्षित होतं. सॉफ्टवेअरमध्ये तो एका ऐच्छिक, जादा पैसे देऊन घ्यायच्या सोयीला जोडला गेला. ती सोय न घेतलेल्या बहुसंख्य विमानांत इशारा येणारच नव्हता.

आणि आता खोटं बाहेरूनही येऊ लागलंय. युद्धग्रस्त भागांच्या आसपास उपग्रहांच्या सिग्नलसारखे नकली सिग्नल सोडतात. एक उपग्रह चुकला तर बाकीचे त्याला पकडतात, हा आधीचा हिशोब होता. सगळे मिळून एकच सुसंगत खोटं सांगू लागले तर ती तपासणी आंधळी होते. डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, नोव्हेंबर २०२३ मध्ये याबद्दल भारतीय विमान कंपन्यांना सूचना काढल्या. या खोट्या जागेचा सर्वांत विचित्र परिणाम जमिनीच्या इशाऱ्यावर होतो. समोर डोंगर असल्याची सूचना देणारी यंत्रणा, जागा आणि उंची नकली धरून, दहा-अकरा किलोमीटर उंचावर निवांत चाललेल्या विमानात 'वर खेचा, वर खेचा' ओरडू लागते. हा आवाज आला की विचार न करता नाक वर घ्यायचं, हे वैमानिकांच्या अंगात भिनवायला कित्येक वर्षं गेली आणि त्याने डोंगरावर आदळण्याचे अपघात खूप कमी केले. त्या भागांतून रोज जाणाऱ्या वैमानिकांना आता तोच इशारा वरच्या उंचीवर दुर्लक्षित करावा लागतोय, आणि काही तासांनी खाली उतरताना तो पुन्हा पूर्ण खरा धरायचाय.